माहेरचं आडनाव : सावजी



मागच्या महिन्यात सूनबाईच्या पुण्याच्या मैत्रिणी आमच्याकडे लोहाऱ्याला आल्या होत्या. जेवताना एक जण म्हणाली, "काकू, तुमचं माहेरचं आडनाव सावजी ना? मग तुमच्याकडचा तो मटणाचा मसाला लिहून द्या ना!" तिच्या ताटात मुगाचं वरण, दुधीची भाजी आणि पोळी. घरात कांदा-लसूणही येत नाही, तिथं मटण कुठलं! सूनबाई लाजेनं लाल झाली. मी हसले, पण ते बोलणं डोक्यातून जाईना. येता-जाता रस्त्यावर 'सावजी भोजनालय' वाचून त्या पोरीनं तेवढाच अर्थ घेतला, त्यात तिची काय चूक?

माझ्या लहानपणी सावजी हे आडनाव कमी आणि हाक जास्त होती. दुकानाच्या ओट्याशी उभं राहून लोक म्हणत, "सावजी, आठ आण्याचं मीठ द्या जी." दुकानात बाबा असोत, काका असोत की आमचा बारा वर्षांचा भाऊ, सगळेच सावजी. पुढं शाळेच्या दाखल्यावर आडनाव लिहायची वेळ आली, तेव्हा ती हाकच लिहिली गेली. मावशी कारंज्याला (लाड). यवतमाळहून शकुंतला गाडीत बसून आम्ही तिच्याकडे जायचो. तिथं आपल्या लोकांच्या नावांपुढंच 'सा' किंवा 'साव' लागायचं. हिरासा, नेमासा, मोतीसाव. तेव्हा मला ते नुसतं नाव वाटे.

हा 'साव' आला 'साधू'वरून. प्राकृतात मधल्या 'ध'चा 'ह' होतो. दधीचं दही झालं, वधूची हिंदीत बहू झाली, तसा साधूचा साहू, आणि साहूचा साव. आपण रोज सकाळी णमोकार म्हणतो, त्याच्या पाचव्या पदात हाच 'साहू' आहे. मी साठ वर्षं ते पद म्हणते आहे आणि माहेरचं आडनाव त्यात आहे हे मला आत्ता कळलं! गुजरातेतले आपले शाह, बंगालातले साहा, छत्तीसगडचे साहू, सगळे याच घरातले. सावकार म्हणजेही मुळात साहुकार. मराठीत चोराच्या उलट साव. संभाजी महाराजांचे पुत्र शाहू 1689 मध्ये मोगलांच्या कैदेत गेले. त्यांचं मूळ नाव शिवाजी. औरंगजेब त्यांना 'साव' म्हणे आणि त्याचंच पुढं शाहू झालं, अशी कथा सांगतात.

तुकाराम महाराजांच्या थोरल्या भावाचं नावही सावजी. बायको वारल्यावर तो तीर्थयात्रेला निघून गेला. त्या घरात महाजनकी होती, आणि महाराजांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, असं त्यांच्या चरित्रांत येतं.

सगळ्याच सावांनी खतं बुडवली नाहीत. 1875 च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतून खतं आणि वह्या बाहेर काढून जाळल्या. ते सावकार बहुतेक मारवाडी-गुजराती होते, त्यांत जैनही होते. मग 1879 मध्ये सरकारनं दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. आपण हे बोलत नाही. आमच्या घरीही आजोबांची लाल कापडाची वही होती. मी बी.कॉम.ला असताना ती वाचली. पेरणीला एक मण ज्वारी द्यायची, सुगीला दीड मण घ्यायची. याला दिढी म्हणत. सहा महिन्यांत निम्मं व्याज, म्हणजे वर्षाला शेकडा शंभर. कॉलेजात व्याजाची गणितं मी पटापट सोडवायची, हे सोडवताना मात्र हात थांबला. बाबांना विचारलं. ते म्हणाले, "तेव्हा सगळेच घेत." आजोबा रोज सामायिक करत, रात्री पाणीही पीत नसत, आणि ही वहीही त्यांच्याच अक्षरात होती. लोक त्यांना तोंडावर सावजी म्हणत, पाठीमागे सावकार. शब्द एकाच मुळाचे, पण म्हणण्यात फरक होता. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात तो फरक समजावून सांगावा लागत नाही.

आता ते मटणाचे सावजी. नागपूरचे हलबा कोष्टी हे विणकर, लुगडी विणणारे. त्यांच्यातही आदरानं सावजीच म्हणतात. हातमागाचा धंदा बसला, तेव्हा त्यांच्यातल्या कित्येकांनी खानावळी काढल्या, घरचं तिखट बाहेर विकायला ठेवलं आणि पाटीवर आपली हाक लिहिली. आमच्या घरानं शाळेच्या दाखल्यावर जे केलं, तेच त्यांनी पाटीवर केलं. 'आपलं नाव बाटवलं' असं आमच्या एक नणंदबाई म्हणतात. मला ते पटत नाही. ते खाणं आपलं नाही हे खरं, पण कष्टानं पोट भरणाऱ्याला साव म्हणायचं नाही तर कुणाला? दिढीच्या वहीवर हे नाव चाललं, तेव्हा आपल्यापैकी कुणी नाक मुरडलं नव्हतं.

त्या मुलींना जाताना मसाला लिहून दिलाच. धने, जिरे, सुकं खोबरं, लवंग, दालचिनी, सुंठ, लाल मिरची. डाळीत घाला, भरल्या वांग्यात नको, आमच्याकडे वांगं चालत नाही, हेही लिहिलं. वर नाव टाकलं, 'सावजी मसाला'. सूनबाई वाचून इतकी हसली की चहा ऊतू गेला.