फायसा प्रिन्सेपी

दख्खनच्या लाव्हाथरांमध्ये दबलेल्या प्राचीन तळ्यांतील, आता नामशेष झालेली गोड्या पाण्यातील गोगलगाय. अलीकडील लेखनात तिचा उल्लेख प्लॅटिफायसा प्रिन्सेपी असाही होतो. काळ सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे क्रिटेशस कालखंडाची अखेर आणि पॅलिओसीनचा आरंभ. पूर्व विदर्भ, मध्य प्रदेशाचा लगतचा मुलूख आणि तेलंगण या भागांत तिचे जीवाश्म मिळतात.

शंख उभट, पातळ आणि गुळगुळीत असून त्याचा शेवटचा वेढा मोठा असतो. टोक वर धरून तोंड आपल्याकडे वळवले, की ते डाव्या हाताला येते. बहुतेक गोगलगायींचे शंख उजवे असल्याने फुटका तुकडा हाती आला तरी ही ओळखू येते. काही नमुने 5 सेंटिमीटरहून लांब आहेत. आजच्या फायसा कुळातील गोगलगायी सहसा दीड सेंटिमीटरच्या आसपास असतात, हे लक्षात घेता हा आकार थोराडच म्हणायचा.

दख्खनचे पठार एका दमात तयार झाले नाही. लाव्हाचे लोट मधूनमधून थांबत. त्या उसंतीत गोठलेल्या बेसॉल्टच्या खोलगट भागांत पाणी साचे, काठाला झाडोरा वाढे, तळाशी गाळ बसे. पुढचा लोट आला की सारे झाकले जाई. गाळाच्या या पातळ पट्ट्यांना आंतरट्रॅपी थर म्हणतात. अनेक ठिकाणी त्यांची जाडी जेमतेम काही मीटर भरते, पण त्या काळच्या तळ्यांचे सगळे जीवन त्यांतच साठलेले आहे. बेसॉल्ट झिजताना पाण्यात उतरलेल्या सिलिकाने शंखांतील चुन्याची जागा घेतली, म्हणून चर्टच्या काळसर दगडात फिकट शंख उठून दिसतात. याच थरांत लिम्निया व व्हिव्हिपॅरस या गोगलगायी, युनिओ शिंपले, कॅरा शेवाळाची फळे, ऑस्ट्रॅकोड आणि माशांचे खवलेही मिळतात.

जातीचे वर्णन जेम्स डी कार्ल सॉवर्बी यांनी केले. ते जॉन ग्रँट माल्कमसन यांच्या 1840 साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात आहे. निबंधाचा विषय दख्खनच्या बेसॉल्ट प्रदेशाच्या पूर्व भागातील जीवाश्म हा होता. पुढचे मोठे काम नागपूरचे. मिशनरी स्टीफन हिस्लॉप व त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांनी नागपूर परिसराच्या भूविज्ञानावर 1855 मध्ये लिहिले, आणि 1860 मध्ये हिस्लॉप यांनी येथील शंखशिंपल्यांची सविस्तर वर्णने दिली. नागपूरजवळची टाकळी त्यामुळे जगभरच्या जीवाश्मतज्ज्ञांना ठाऊक झाली. आज हा भाग शहरात सामावला आहे, आणि अभ्यासाच्या दृष्टीने हे नुकसान मोठे आहे.

प्रसार हा या जातीचा सर्वांत विचार करण्याजोगा भाग आहे. टाकळी, छिंदवाडा जिल्ह्यातील मोहगाव कलान आणि तेलंगणातील नसकल ही ठिकाणे शेकडो किलोमीटरच्या टापूत विखुरलेली आहेत. तळी लहान, अल्पजीवी, मध्ये उघडे बेसॉल्ट, तरी शंख तोच. यावरून या ठिकाणी एकच विशाल सरोवर होते असे मानण्याची गरज नाही. फुप्फुसाने श्वास घेणाऱ्या गोड्या पाण्यातील गोगलगायी उभयलिंगी असतात, आणि त्यांतील अनेक जाती स्वफलन करू शकतात. पुराच्या पाण्यातून किंवा पक्ष्याच्या पायाला चिकटून एखादीच गोगलगाय नव्या तळ्यात पोहोचली, तरी वस्ती उभी राहू शकते. युनिओ शिंपल्यांचे तसे नाही. त्यांच्या पिल्लांना वाढीसाठी माशाच्या अंगाचा आधार लागतो, म्हणजे मासे आधी पोहोचायला हवेत. व्हिव्हिपॅरसमध्ये नर-मादी वेगळे असतात. नव्याने साचलेल्या तळ्यात फायसा इतरांच्या आधी रुजली असावी, हे अनुमान मला सर्वाधिक पटणारे वाटते.

वर्गीकरण वादाचे आहे. डाव्या शंखाच्या गोगलगायी एकाहून अधिक कुळांत आहेत, आणि मऊ शरीर उपलब्ध नसताना केवळ शंखावरून कूळ ठरवणे कठीण. काहींनी ही जात आफ्रिकेत मुबलक असलेल्या बुलिनसच्या गटाजवळ ठेवली आहे. प्रश्न नुसत्या नावाचा नाही: त्या काळी भारतीय भूखंड समुद्राने वेढलेला होता, त्यामुळे नातलग कुठले हे ठरले तरच ही गोगलगाय येथे कुठून आली ते सांगता येईल. झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाचे पहिले संचालक नेल्सन अ‍ॅनंडेल यांनी तिच्या शंखाला भोके पाडणाऱ्या क्लायोना गटातील स्पंजाची नोंद केली. हे स्पंज मुख्यतः खाऱ्या पाण्यातले असल्याने निदान काही शंखांचा समुद्राच्या पाण्याशी संबंध आला असावा.

कालमापनासाठी तिचा वापर जपून करावा लागतो. हिस्लॉप यांनी हे थर इओसीनचे मानले होते. पुढे बिरबल साहनी यांनीही वनस्पतींच्या पुराव्यावरून ते तृतीयक ठरवले. पृष्ठवंशी प्राण्यांचे अवशेष, परागकण आणि खडकांचे चुंबकीय मापन यांनंतर यांतील बरेच थर क्रिटेशसच्या अखेरीस गेले. फायसा अनेक लाव्हालोटांच्या मधल्या थरांत टिकून असल्याने केवळ तिच्या आधारे दोन ठिकाणचे थर समकालीन ठरवता येत नाहीत. उद्रेकांच्या सुरुवातीच्या टप्प्यांतून ती तरली, नंतर मात्र नाहीशी झाली. भारतातील पाणथळींत सध्या दिसणारी डाव्या शंखाची फायसा अक्यूटा परदेशातून अलीकडे आलेली आहे; ती या जातीची वंशज नव्हे.