कुर्डी
कुर्डी : गोव्यातील सांगे तालुक्यातील, साळावली धरणाच्या जलाशयाखाली गेलेले व उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर काही आठवडे उघडे पडणारे गाव. जुवारीची उपनदी असलेल्या साळावली नदीच्या खोऱ्यात भातशेती आणि नारळ, काजू, फणस, आंबा यांच्या बागायतीवर ते उभे होते आणि तेथे हिंदू, ख्रिस्ती व मुसलमान कुटुंबे राहत असत. दक्षिण गोव्याला पाणी पुरविणाऱ्या या धरणाची आखणी गोवामुक्तीनंतर झाली. गावकऱ्यांना त्याची कल्पना तत्कालीन मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांनी प्रत्यक्ष भेटून दिली, असे सांगितले जाते. धरण माती व दगडी बांधकाम अशा मिश्र प्रकारचे असून त्याची उंची सुमारे ४२.७ मी. आहे. १९८६ च्या सुमारास गाव पाण्याखाली गेले.

पुरातत्त्वाच्या दृष्टीने कुर्डीचे महत्त्व गावाच्या विस्ताराच्या मानाने बरेच मोठे आहे. येथील महादेव मंदिर दहाव्या-अकराव्या शतकांतील, कदंबकालीन मानले जाते. बुडिताच्या क्षेत्रात येणार असल्यामुळे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने त्याचे स्थानांतरण केले, म्हणजे वास्तूचे दगड एकेक करून सुटे केले आणि धरणाजवळ मूळ रचनेप्रमाणे पुन्हा जुळविले. या कामास सुमारे अकरा वर्षे लागली. नदीकाठी आढळलेली, जांभ्या दगडात कोरलेली मातृदेवतेची भव्य मूर्ती वेर्णा येथे नेण्यात आली. तिच्या काळाविषयी अभ्यासकांत एकमत नाही. मूर्ती वाचली, तरी ज्या परिसरावरून तिचा अर्थ लावता आला असता, तो मात्र पाण्याखाली गेला, ही हानी स्थानांतरणाने भरून निघण्यासारखी नव्हती.

जयपूर-अत्रौली घराण्याच्या थोर गायिका व उस्ताद अल्लादिया खाँ यांच्या शिष्या मोगूबाई कुर्डीकर (१९०४–२००१) यांचा जन्म येथला. गानसरस्वती किशोरी आमोणकर या त्यांच्या कन्या. मोगूबाईंच्या घराचे अवशेष पाणी उतरल्यावर दिसतात.

विस्थापितांचे पुनर्वसन वाडे व वालकिणी येथे झाले.

गाव पुन्हा वसले नाही. मात्र मे महिन्यात घरांची जोती, विहिरी, वाटा व झाडांचे खुंट वर येतात, तेव्हा जुने रहिवासी व त्यांची पुढची पिढी तेथे जमते, सोमेश्वराच्या देवळात उत्सव होतो आणि ख्रिस्ती कुटुंबेही आपल्या कपेलाचे फेस्त, म्हणजे वार्षिक सण, तेथेच साजरे करतात. या दिवसांत अलीकडे पर्यटकांचीही गर्दी होऊ लागली आहे. पावसाळा सुरू होताच अवशेष पुन्हा जलाशयाखाली जातात. धरणाजवळचे महादेव मंदिर मात्र वर्षभर पाहता येते.