मुक्तिफौज: तुरुंगाच्या दारापासून तारेच्या कुंपणापर्यंत

आजची फौज जरा वेगळी आहे. तिच्यात कॅप्टन आहेत, मेजर आहेत, जनरलही आहेत. बंदूक मात्र एकही नाही. साल्व्हेशन आर्मी, आपल्या मराठीत मुक्तिफौज. पलटणीत आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्याला या हुद्द्यांची गंमत वाटते.

१८८३ मध्ये मेलबर्नला या ख्रिस्ती फौजेने सुटलेल्या कैद्यांसाठी घर उघडलं. शिक्षा भोगून बाहेर आलेल्याला न्यायला बहुधा कोणी नसतं. त्याला दारातच गाठायचं, निवारा आणि काम द्यायचं. शिक्षा संपलेली असे, त्यामुळे राहायचं की जायचं हे तो ठरवी.

भारतात ही फौज १८८२ मध्ये मुंबईला उतरली. प्रमुख फ्रेडरिक टकर, पुढे बूथ-टकर. सरकारी सनदी नोकरी सोडलेला हा माणूस भगवे कपडे घालून अनवाणी हिंडे, नाव घेतलं फकीर सिंग. त्याच्या तळमळीबद्दल मला शंका नाही.

पण इथे १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा होता. त्यानुसार संपूर्ण जमातच गुन्हेगार ठरे. खटला नाही, शिक्षेची मुदत नाही, फक्त पोलिसांकडे हजेरी. १९०८ मध्ये सरकारने गोरखपूरचे डोम मुक्तिफौजेकडे सोपवले. पुढे अशा वसाहती वाढल्या. विणकाम, शेती, रेशीम, शाळा, प्रार्थना सगळं होतं. 'क्रिमिनोक्युरॉलॉजी' असं बूथ-टकरने आपल्या पुस्तकाला नाव दिलं, म्हणजे गुन्हेगारीवर उपचार! आता सांगा, ज्याने गुन्हाच केला नाही, त्याच्यावर उपचार कसले? मेलबर्नचा कैदी सुटलेला होता. गोरखपूरच्या पोराची सुटका कधी, हे कोणत्याच कागदावर नव्हतं. प्रेमाने वागवणारा का होईना, मिशनरी इथे सरकारचा पहारेकरी झाला.

आपल्याकडे सोलापूरलाही तारेच्या कुंपणातली वसाहत होती. कुंपण गेलं, 'सेटलमेंट' हे नाव अजून आहे.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला. तरीही इथे दिल्लीच्या आसपास दरोडा पडला की बातमीत 'बावरिया टोळी' येते. बावरिया त्याच यादीतले. तुरुंगांच्या नियमावल्यांतही ती जुनी नजर टिकून होती. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाने ते नियम घटनाबाह्य ठरवले. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या त्या निकालात एक साधा हुकूम आहे: तुरुंगातल्या कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढून टाका.