भयपट, अल्पखर्ची

मर्यादित भांडवलावर, अल्पावधीत व प्रायः नामांकित नटांवाचून निर्मिलेला भीतिरसप्रधान चित्रपट. भारतात हा प्रकार १९७०–८० या दशकात मुंबईच्या रामसे कुटुंबाने रूढ केला. कराचीहून फाळणीनंतर आलेल्या फतेहचंद रामसे यांचा विश्राम बेडेकर-दिग्दर्शित ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ (१९७०) अयशस्वी ठरला (→ बेडेकर, विश्राम); तथापि त्यातील मुखवटाधारी चोराच्या प्रसंगास प्रेक्षकांनी दिलेली दाद हेरून त्यांच्या पुत्रांनी ‘दो गज जमीन के नीचे’ (१९७२) महाबळेश्वरी चित्रित केला. पुढे ‘दरवाजा’ (१९७८) आला.

लेखन, दिग्दर्शन, छायालेखन, ध्वनिमुद्रण व संकलन ही सर्व खाती भावंडांतच वाटलेली असल्याने मेहनतान्याचा खर्च उरत नसे; उभारलेल्या नेपथ्याऐवजी जुने वाडे, रबरी मुखवटे, धूर आणि रंगीत प्रकाश यांवर भिस्त असे. मराठीत वसंत जोगळेकरांचा ‘हा खेळ सावल्यांचा’ (१९७६) भीतीचा आभास मनोविकाराशी जोडतो, म्हणून तो या वर्गाच्या सीमेवरच गणावा (→ मराठी चित्रपट).

१९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या सुमारास रंगीत दूरचित्रवाणी व व्हिडिओ यंत्रे देशात फैलावली, आणि चित्रगृहांतून उतरलेल्या या पटांना भाड्याच्या कॅसेटींवर दुसरे आयुष्य लाभले (→ व्हिडिओ कॅसेट). पुढे मोंदो मॅकाब्रो या परदेशी संस्थेने रामसे-पटांचे डीव्हीडी-संच काढले. त्यांत मात्र ‘पुराना मंदिर’ (१९८४), ‘बंद दरवाजा’ (१९९०) अशा उत्तरकालीन कृतींनाच अग्रस्थान मिळाले.