हुकूमनाम्याचे हप्ते

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत सोसायटीचा इतिहास लिहायचा म्हटलं की नोंदणी, पहिला गणपती, टँकरचे दिवस आणि लिफ्ट एवढ्यावर आपण थांबतो. कोर्टाचं प्रकरण कुणी काढत नाही. त्या वेळी सेक्रेटरी मी होतो आणि चूकही माझीच होती, म्हणून ते मीच लिहितो.

गच्चीचं वॉटरप्रूफिंग जुन्या सभासदांना आठवत असेल. पहिल्याच पावसात वरच्या चार घरांत पाणी आलं आणि आपण ठेकेदाराचं बिल अडवलं. तो दिवाणी न्यायालयात गेला. गळतीची लेखी तक्रार आपण वेळेत केलीच नव्हती. हुकूमनामा आपल्याविरुद्ध झाला : ३,६०,००० रुपये, शिवाय व्याज आणि खर्च. फ्लॅट २४. म्हणजे घरटी १५,००० नुसत्या मुदलाचे. एकरकमी जमणं शक्य नव्हतं. ठेकेदार समजूतदार होता. दरमहा ४०,००० द्यायचे, असं तोंडी ठरलं.

पहिले दोन हप्ते मी आणि खजिनदार काका त्याच्या घरी रोख देऊन आलो. काकांनी पिशवीतून पावतीचा कागद काढला होता. मीच त्यांना थांबवलं. "अहो काका, ओळखीचा माणूस आहे. चहा पाजतोय, त्याच्याकडे पावती कुठे मागता?" कागद पिशवीत परत गेला.

तिसरा हप्ता आपल्याकडूनच रखडला. तेवढ्यात ठेकेदार आजारी पडला आणि व्यवहार मुलाच्या हाती गेला. मुलाने मुखत्यारपत्रावर दरखास्त लावली, तीही पूर्ण ३,६०,००० आणि व्याजाची. सोसायटीचं बँक खातं जप्त करण्याची मागणी होती. सभेत गलका झाला. मागून कुणीतरी म्हणालं, "ऐंशी हजार पोचले तरी का?" काका काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी राजीनामा आणला आणि ही रक्कम स्वतःच्या फंडातून भरतो म्हणाले.

वकीलसाहेबांनी कायदा समजावला तेव्हा माझे डोळे उघडले. हुकूमनाम्याचे पैसे कोर्टाबाहेर दिले तर त्याची नोंद कोर्टात व्हावी लागते. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत, आदेश २१ च्या नियम २ मध्ये, तसं स्पष्ट लिहिलंय. नोंद नसलेली रक्कम दरखास्त चालवणारं कोर्ट विचारात घेत नाही. नोंदीसाठी देणेकऱ्याने अर्ज करायचा तर मुदत फक्त ३० दिवस, आणि जवळ लेखी पुरावा हवा. आमची मुदत टळली होती, पुरावाही नव्हता. म्हणजे दिलेले ऐंशी हजार पुन्हा द्यायचे!

पुढे सवडीने वाचलं तेव्हा कळलं की हे दुखणं आपल्या पुणे जिल्ह्यात फार जुनं आहे. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर उठले. बघता बघता दंगे पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले. लोकांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. कर्जखतं आणि हुकूमनामे त्यांनी हुडकून जाळले. पैसे फेडले तरी सावकार पावती देत नाही, ही त्यांची एक मोठी तक्रार होती. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा झाला. पैसे भरणाऱ्या शेतकऱ्याला लेखी पावती मिळण्याचा, हिशेब मागण्याचा हक्क त्या कायद्याने दिला. ज्या कागदासाठी सुप्याची माणसं पेटून उठली, तो आमच्या पिशवीत तयार होता आणि मी तो संकोचापायी मागे ठेवला.

एक वाट मात्र उरली होती. वकीलसाहेब म्हणाले, "पैसे मिळाले असं हुकूमनामा ज्याच्या बाजूने आहे त्याने स्वतः कोर्टाला सांगितलं, तर त्याला ३० दिवसांचं बंधन नाही." मी आणि काका पुन्हा त्याच घरी गेलो. ठेकेदार अंथरुणावर होता. त्याने बायकोला वही आणायला सांगितली. किराणा आणि औषधांच्या मध्ये आमचे दोन्ही हप्ते तारखांसह लिहिलेले होते. त्याने मुलाला आमच्यासमोर एवढंच विचारलं, "वही बघितली नव्हतीस का रे?"

पुढच्या तारखेला ८०,००० मिळाल्याची पुरसीस त्याच्या सहीने कोर्टात दाखल झाली. जप्ती टळली. त्यानंतरचा प्रत्येक हप्ता चेकने गेला. पावतीवर दाव्याचा नंबर, तारीख, रक्कम, त्यातलं व्याज किती नि मुद्दल किती, आणि बाकी काय, हे सगळं लिहून घेतलं आणि ३० दिवसांच्या आत कोर्टात नोंदवलं. शेवटी "पूर्ण वसूल" अशी पुरसीस झाली आणि दरखास्त निकाली निघाली. ती फाइल ऑफिसच्या कपाटात आहे. नव्या कमिटीने एकदा जरूर चाळावी.

काकांनी राजीनामा मागे घेतला, पण सभेत त्यांची माफी कुणी मागितली नाही. मीही नाही. ते आता नाशिकला मुलीकडे असतात, त्यांना हा अंक पोस्टाने जाणार आहे. काका, कागद तुम्ही काढला होता, मी तो आत ठेवायला लावला. एवढ्या वर्षांनी का होईना, ही नोंद घ्या.