आजीला एका रात्रीत 230 पिल्लं झाली!

हेडफोन लावलेत ना? आज आपण समुद्रात जातोय, पण काचेच्या टाकीतून.

घरी रीफ टँक ठेवणाऱ्यांची एक तक्रार मला फार आवडते. "अरे, टाकीत जागाच उरली नाही!" बोटाएवढं आणलेलं प्रवाळ शेजारच्या प्रवाळावर चढतं. सी ॲनिमोन, म्हणजे आपलं समुद्रफूल, एकाचे दोन आणि दोनाचे चार होतं. वर हळूहळू सरकत जाऊन बाकीच्यांना डंख मारतं. तुम्ही म्हणाल, ही काय तक्रार झाली? पण माझ्या मते या छंदाचा सगळा इतिहास याच तक्रारीत दडलाय. कसं ते सांगतो.

1828 साली सर जॉन डॅलियेल नावाच्या गृहस्थांनी स्कॉटलंडमधल्या नॉर्थ बेरिकच्या किनाऱ्यावरून एक समुद्रफूल उचललं आणि घरी काचेच्या बरणीत ठेवलं. पंप नाही, फिल्टर नाही. फक्त समुद्राचं ताजं पाणी आणि अधूनमधून शिंपल्यातल्या मांसाचा तुकडा. पुढे लोक तिला 'ग्रॅनी' म्हणायला लागले, म्हणजे चक्क आजी! डॅलियेल यांच्याकडे असतानाच आजीला 334 पिल्लं झाली. 1851 मध्ये ते वारले, पण आजी जिवंत! मग ती एकाकडून दुसऱ्याकडे अशी फिरत राहिली. 1857 मध्ये तर तिने एका रात्रीत 230 पिल्लं दिली. शेवटी 1887 मध्ये ती एडिनबरोत गेली. म्हणजे तब्बल 59 वर्षं बरणीत काढली बघा.

पण असं भाग्य सगळ्यांचं नव्हतं. 1853 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यालय उघडलं. पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांचं मत्स्यालयांवरचं पुस्तक आलं आणि इंग्लंडला अक्षरशः वेड लागलं. काच स्वस्त झाली होती, रेल्वे किनाऱ्यापर्यंत पोचली होती. लोक छिन्नी-हातोडा घेऊन खडकांवरची समुद्रफुलं खरवडून आणायचे. घरी पाणी खराब व्हायचं, जीव मरायचे, की लोक पुन्हा किनाऱ्यावर. गॉस यांच्या मुलाने, एडमंडने, 1907 मध्ये आपल्या आठवणींच्या पुस्तकात लिहून ठेवलंय, की वडिलांच्या पुस्तकांमुळे आलेल्या गर्दीने ते किनारे ओसाड केले.

इथे थोडं थांबा. टाकीतला जीव मरतो, तोवर हा छंद समुद्राला लुटत राहतो. तो जीव वाढायला लागला, की हिशोब उलटा होतो.

प्रवाळांच्या बाबतीत हे व्हायला आणखी शंभरेक वर्षं लागली. 1961 मध्ये इंडोनेशियातल्या ली चिन एंग यांनी आपली पद्धत मांडली. टाकीत समुद्रातले 'जिवंत' खडक ठेवायचे आणि पाणी साफ करण्याचं काम त्यांच्यावरचे जीवाणू करतात. पुढे बर्लिनमधल्या हौशी लोकांनी त्याला प्रखर दिवे आणि फेसातून घाण काढणारा स्किमर जोडला. 1980 च्या दशकात डिट्रिख श्ट्यूबर यांच्या टाकीत ॲक्रोपोरा प्रवाळ इतकं फोफावलं, की तोडून वाटावं लागलं. गुलाबाची फांदी छाटून शेजारणीला द्यावी ना, अगदी तसं. त्याचे तुकडे देशोदेशीच्या टाक्यांत पोचले. आज याला 'फ्रॅगिंग' म्हणतात.

आणि मग कमाल झाली. फ्लोरिडातल्या मोट प्रयोगशाळेत डेव्हिड वॉन हे प्रवाळ हलवत होते. एल्कहॉर्न प्रवाळाचा एक तुकडा तळाला चिकटला होता, तो तुटला आणि काही बारीक कण मागे राहिले. वाटलं, गेले. पण काही आठवड्यांनी पाहिलं, तर ते भराभर वाढत होते! जखम भरून काढायच्या नादात बारीक तुकडे कितीतरी वेगाने वाढतात. याच 'मायक्रोफ्रॅगमेंटेशन'ने वाढवलेली प्रवाळं आज फ्लोरिडातल्या उजाड रीफवर लावली जातात.

म्हणून टाकी गच्च भरली, तर वैतागू नका. कापताना हातमोजे आणि चष्मा मात्र घालाच. झोॲन्थिडसारख्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं भयंकर विष असतं. छाटलेला तुकडा छोट्या दगडावर गोंदाने चिकटवा आणि दोन प्रवाळांमध्ये ऐसपैस अंतर ठेवा, कारण रात्री काही जाती लांब सोंडा काढून शेजाऱ्याला भाजून काढतात. नको असलेला जीव कधीही समुद्रात सोडू नका.

आणि आपल्यासाठी एक महत्त्वाची गोष्ट. भारतात 2001 पासून रीफ बांधणाऱ्या प्रवाळांना वन्यजीव कायद्याच्या अनुसूची 1 चं, म्हणजे वाघाइतकंच संरक्षण आहे. मुंबईत कोस्टल रोडच्या वाटेत आलेली प्रवाळं दुसरीकडे हलवायलाही खास परवानगी घ्यावी लागली होती. तेव्हा मालवणला स्नॉर्कलिंगला गेलात, तर डोळे भरून बघा, पण हात लावू नका.

एवढी काळजी का? एका बरणीतल्या आजीने शेकडो पिल्लं दिली, आणि त्याच काळात अख्खे किनारे रिकामे झाले. फरक फक्त सांभाळणाऱ्या हातांचा होता.

चला, भेटू पुढच्या भागात!