वेड, आघात आणि न विचारलेला प्रश्न

जयवंत दळवींचे ‘बॅरिस्टर’ वर्गात शिकवताना एक प्रश्न दर दोन-तीन वर्षांनी हमखास येतो. बॅरिस्टरला वेड लागले ते घराण्यात वेड होते म्हणून, की त्या घरात जे घडले ते त्याने पाहिले म्हणून? परीक्षेच्या दृष्टीने या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. आनुवंशिकता, नियती, रूढींचा बळी असे तीन मुद्दे लिहिले की गुण मिळतात. मात्र वर्गातून बाहेर पडल्यावर आम्हा दोघांनाही तो प्रश्न मागे लागल्यासारखा वाटतो. तो केवळ एका नाटकाचा नाही. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांच्या मानसोपचाराच्या इतिहासातील एक मोठी फूट याच प्रश्नाच्या दोन बाजूंनी पडलेली आहे. आम्ही वैद्यकाचे जाणकार नाही, मराठीचे अध्यापक आहोत, हे आरंभीच नमूद केलेले बरे. तरीही हा इतिहास साहित्याच्या अभ्यासकांनी वाचावा असे आम्हाला वाटते, कारण त्याच्या केंद्रस्थानी एक वाङ्मयीन प्रश्न आहे: वेड्याच्या बोलण्याला निवेदन मानायचे की नाही?

आमचा सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला आणि ओरोसच्या माळावर सिंधुदुर्गनगरी उभी राहिली. जिल्हा आणि आम्ही जवळपास एका वयाचे. जिल्हाधिकारी कार्यालय आले, न्यायालय आले, जिल्हा रुग्णालय आले. मनोरुग्णालय मात्र रत्नागिरीलाच राहिले. ते १८८६चे, म्हणजे वेड्यांसंबंधीच्या १८५८च्या ब्रिटिश कायद्याच्या छायेत उभे राहिलेले. पुण्याच्या माणसाच्या तोंडी ‘येरवडा’ आणि मुंबईकराच्या तोंडी ‘ठाणे’ ज्या अर्थाने येते, त्या अर्थाने आमच्या लहानपणी ‘रत्नागिरी’ हा शब्द येत असे. ‘तेका रत्नागिरीक न्हेलो’ एवढे म्हटले की पुढचे कोणी विचारीत नसे. माणूस कोठे नेला ते कळले. त्याच्या बाबतीत काय घडले होते, हा प्रश्न तेथेच मिटला.

हे मिटणे केवळ गावाच्या अडाणीपणामुळे झाले असे मानणे अन्यायाचे होईल. शास्त्रानेही तेच केले होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत एमिल क्रेपेलिन यांनी वेडाचे वर्गीकरण केले. त्या वर्गीकरणाचा भर रोगाच्या वाटचालीवर होता. रोगी काय बोलतो यापेक्षा रोग कोणत्या टोकाला जातो, हे त्यांना महत्त्वाचे वाटले. १९०८ मध्ये स्विस मानसोपचारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी ‘स्किझोफ्रेनिया’ हा शब्द दिला. मराठीत आपण ‘छिन्नमनस्कता’ म्हणतो. पुढे हा विकार मुख्यतः मेंदूचा आणि रक्तातून येणारा, ही समजूत दृढ झाली.

दुसरा प्रवाह युद्धातून आला. १९१५ मध्ये चार्ल्स मायर्स यांनी ‘लॅन्सेट’मध्ये ‘शेल शॉक’वर लिहिले. धडधाकट सैनिक थरथरत होते, मुके होत होते, रात्री किंचाळत उठत होते. त्यांना काय झाले हे समजण्यासाठी त्यांनी काय पाहिले हे विचारणे भाग होते. या प्रवाहाला अधिकृत नाव मिळायला १९८० साल उजाडले. त्या वर्षी अमेरिकेच्या मनोविकार-सूचीच्या तिसऱ्या आवृत्तीत आघातोत्तर ताण-विकार, म्हणजे आज सर्वत्र पीटीएसडी म्हणून ओळखला जाणारा विकार, दाखल झाला.

अशा रीतीने दोन दालने तयार झाली. एका दालनात ज्यांचे वास्तवाचे भान सुटले आहे असे रुग्ण. त्यांना १९५२ नंतर क्लोरप्रोमाझिन आणि त्यापुढची औषधे मिळू लागली. दुसऱ्या दालनात आघात सोसलेले रुग्ण. त्यांच्यासाठी बोलण्याचे उपचार विकसित झाले. औषधांनी लाखो माणसांना साखळदंडातून सोडवले, हे विसरून चालणार नाही. परंतु जो माणूस एकाच वेळी दोन्ही दालनांतला आहे, त्याचे काय? त्याच्यासाठी एक अलिखित नियम होता: त्याला जुन्या आघाताविषयी विचारू नये. खपली काढली तर भास वाढतील, माणूस पुन्हा कोसळेल. पीटीएसडीच्या उपचारांची तपासणी करणारे प्रयोगही सायकोसिस असलेल्यांना बहुधा वगळूनच होत. त्यामुळे नियम खरा की खोटा हे तपासण्याची वेळच येत नव्हती.

येथे एक घरची गोष्ट सांगणे आवश्यक वाटते. आमच्यापैकी एकाच्या आजोळी एक वृद्ध नातेवाईक होत्या. सगळे त्यांना माई म्हणत. ऐन विशीत खाडी ओलांडताना त्यांची होडी उलटली आणि कडेवरचे मूल हातातून सुटले. घरात हा विषय कोणी काढीत नसे. पुढे काही वर्षांनी माईंना पाण्याकडून हाक ऐकू येऊ लागली, शेजारीण जेवणात काही घालते असा संशय येऊ लागला. देवाला कौल लावून झाले, घाडी झाला, मग दूरच्या शहरातले एक इस्पितळ झाले. तिथल्या कागदांवर ‘आवाज ऐकू येतात, संशय, झोप नाही’ अशा नोंदी होत्या. होडीची नोंद नव्हती. गोळ्यांनी संशय पुष्कळ ओसरला. पण आषाढात खाडी भरली की माई दार लावून बसत आणि पोरांना विहिरीकडेही फिरकू देत नसत. त्यांच्या अखेरच्या वर्षांत आमच्यापैकी एकाने धीर करून विचारले, ‘माई, हाक कोणाची ऐकू येता?’ त्यांनी मुलाचे नाव सांगितले. मग थोड्या वेळाने म्हणाल्या, ‘माका आजपावत कोणी इचारूक नाय.’

माईंना कोणता विकार होता हे ठरवण्याचा अधिकार आम्हाला नाही. पण न विचारणे ही किती सार्वत्रिक गोष्ट आहे, हे पुढे वाचनात आले. १९९८ मध्ये किम म्यूझर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत गंभीर मनोविकार असलेल्या २७५ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी ४३ टक्क्यांना पीटीएसडी असल्याचे दिसले. अशा ११९ रुग्णांपैकी फक्त तिघांच्या कागदपत्रांत त्याची नोंद होती. आपल्याकडे २००३ मध्ये बंगळुरूच्या निमहान्समधील प्रभा चंद्रा आणि सहकाऱ्यांनी गंभीर मनोविकार असलेल्या १४६ स्त्रियांशी बोलून जे लिहिले ते अधिक बोचरे आहे. त्यांतील ३४ टक्के स्त्रियांनी लैंगिक जबरदस्ती सोसल्याचे सांगितले, आणि त्यांपैकी बहुतेकींनी ते पूर्वी कोणालाही सांगितलेले नव्हते. २०१२ मध्ये फिलिपो वारेसे आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यास एकत्र करून दाखवले की बालपणी छळ, अत्याचार वा तत्सम आपत्ती सोसलेल्यांत सायकोसिसचा संभव सुमारे पावणेतीन पट असतो. याचा अर्थ रक्ताचा वाटा नाही असा नव्हे. वर्गातल्या प्रश्नातील ‘की’ हा शब्दच बहुधा चुकीचा आहे, एवढा मात्र निश्चित.

‘खपली काढू नये’ या नियमाची कसोटी नेदरलँड्समध्ये लागली. त्याच देशात १९८७ पासून मारियस रोम या मानसोपचारतज्ज्ञांनी आवाज ऐकणाऱ्यांना ‘तो आवाज काय म्हणतो, कोणाचा आहे’ असे विचारायला सुरुवात केली होती, हा योगायोग लक्षणीय आहे. २०१५ मध्ये डेव्हिड व्हॅन डेन बर्ग आणि सहकाऱ्यांनी सायकोसिस व पीटीएसडी दोन्ही असलेल्या १५५ रुग्णांवरील प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे तीन गट केले. एका गटाला ‘प्रोलाँग्ड एक्स्पोजर’, दुसऱ्याला ‘ई.एम.डी.आर.’ हे उपचार प्रत्येकी दीड तासाच्या आठ बैठकांत दिले. तिसरा गट प्रतीक्षायादीवर राहिला. नेहमीचे उपचार सर्वांचेच चालू होते. आधी कित्येक आठवडे माणसाला ‘तयार’ करणे वगैरे काही केले नाही. उपचार संपल्यावर पहिल्या गटातील सुमारे ५७ टक्के आणि दुसऱ्यातील ६० टक्के रुग्ण पीटीएसडीच्या निकषांतून बाहेर आले होते. प्रतीक्षायादीवरच्यांत हे प्रमाण सुमारे २८ टक्के होते. ज्याची भीती होती ते भास-भ्रमांचे उसळणे दिसले नाही.

या उपचारांची रीत साहित्याच्या विद्यार्थ्याने मुद्दाम पाहण्यासारखी आहे. पहिल्या पद्धतीत रुग्ण डोळे मिटून ती घटना प्रथमपुरुषी आणि वर्तमानकाळात सांगतो: ‘मी होडीत आहे, पाणी आत येत आहे.’ तो पुन्हा सांगतो, ध्वनिमुद्रण घरी नेऊन ऐकतो आणि टाळलेल्या जागांकडे हळूहळू परततो. दुसऱ्या पद्धतीत घटना मनात धरून चिकित्सकाच्या हलत्या बोटांमागे नजर फिरवायची असते. आघात ही ज्याचा काळ अजून ‘भूत’ झालेला नाही अशी गोष्ट आहे, असे व्याकरणाच्या भाषेत म्हणता येईल. वर्तमानकाळात पुनःपुन्हा सांगूनच ती भूतकाळात जाते, हा या उपचाराचा अनुभव आहे.

अर्थात यातून चमत्काराची अपेक्षा करू नये. या उपचाराने सायकोसिस बरा होत नाही, गोळ्या थांबत नाहीत. सर्वच पद्धती सारख्या फळतात असेही नाही. विचारांची फेरमांडणी करणाऱ्या एका पद्धतीचा २०१७ मध्ये इंग्लंडमधून प्रसिद्ध झालेला प्रयोग नेहमीच्या उपचारांपेक्षा सरस ठरला नाही. शिवाय हे काम शिकलेल्या माणसाचेच आहे. आमच्यासारख्या हौशी श्रोत्यांनी कोणाच्या आघातात हात घालू नये.

मग ओरोसच्या परिसरात याचा अर्थ काय? आमच्याकडे दुःख सांगण्याचा एक जुना साचा आहे, तो म्हणजे गाऱ्हाणे. देवासमोर एक जण घालतो आणि बाकीचे ‘व्हय महाराजा’ म्हणतात. सामूहिक संकटासाठी हा साचा समर्थ आहे. पण घरातल्याच माणसाने केलेला अत्याचार, किंवा स्वतःच्या हातून सुटलेले मूल, हे चारचौघांत गाऱ्हाण्यात घालता येत नाही. म्हणून देवस्कीचे गोडवे गाणे आम्हाला मान्य नाही. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडीला लागलेल्या आगीत साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण मृत्यू पावले, हे आपल्या पिढीने वर्तमानपत्रांत वाचले आहे. बांधून ठेवणे हाच एक नवा आघात असतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याने साखळी घालण्यास कोणत्याही स्वरूपात मनाई केली, त्यामागे हा इतिहास आहे.

दुसरीकडे, निमहान्सच्या २०१५-१६च्या राष्ट्रीय पाहणीनुसार वेगवेगळ्या मनोविकारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचारच पोहोचत नव्हते. ज्याला साधी गोळी मिळायची मारामार, त्याला दीड-दीड तासाच्या आठ बैठका कोठून मिळणार, असे कोणी म्हणेल तर ते खोटे नाही. तरीही आठ बैठका म्हणजे आठ वर्षे नव्हेत. आणि एक अट अशी आहे की जी परदेशी प्रबंधांत आमच्या वाचनात आली नाही, पण आम्हाला येथे स्पष्ट दिसते. माईंनी ती होडी प्रमाण मराठीत बुडवली नसती. ऐकणाऱ्याला मालवणी यावी लागेल, निदान मालवणीत बोलणे म्हणजे अडाणीपणा नव्हे हे तरी ठाऊक असावे लागेल.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’ने (२००४) स्किझोफ्रेनिया हा आजार आहे, त्याची लाज वाटू देऊ नये, हे मराठी घरांना सांगितले. त्या वेळी तेच सांगणे निकडीचे होते. ‘आजार आहे’ हे मान्य झाल्यावरच पुढचा प्रश्न विचारता येतो.

‘बॅरिस्टर’कडे आता आम्ही वेगळ्या रीतीने पाहतो. त्या वाड्यात वंशातल्या वेडाची चर्चा मोकळेपणाने होते. केशवपनाची सक्ती आणि तिची दहशत मात्र रीत म्हणून खपून जाते. दळवी आरवलीचे. वेडाच्या काठावरची माणसे त्यांनी आयुष्यभर लिहिली. त्यांनी रक्त आणि घटना दोन्ही एकाच वाड्यात ठेवली. निवड करून टाकली ती आम्ही, प्रश्नपत्रिकेच्या सोयीसाठी. येत्या जूनमध्ये हे नाटक पुन्हा शिकवायला घेऊ, तेव्हा आनुवंशिकतेचा मुद्दा फळ्यावर लिहिण्याआधी विद्यार्थ्यांना एक काम सांगायचे ठरवले आहे. या घरात कोणी कोणाला ‘तुला काय झाले?’ असे किती वेळा विचारले आहे, ते मोजून आणायचे.